कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो म्हणजे नेमकं काय करतो

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, चारचाकी गाड्या ५८ आणि स्टिल्टखालचं पार्किंग ४१, म्हणजे दर वर्षी १७ जणांचं तोंड वाकडं होणार हे ठरलेलंच. आधी चिठ्ठ्या टाकायचो, स्टीलचा डबा, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आणि पहिल्या मजल्यावरची चार वर्षांची पोरगी डोळे मिटून एकेक काढायची, तासभर चालायचं सगळं. ह्या वर्षी कमिटीला वाटलं की बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटरवाला आहे तर वापरून घेऊ, आणि मी पण लगेच हो म्हणालो, कारण प्रोग्राम तर दहा ओळींचा होता.

शनिवारी रात्री ट्रायल घेतली, आलेल्या यादीचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की ही फक्त ट्रायल आहे, खरा ड्रॉ उद्या. रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटी ऑफिसमधल्या टीव्हीला लॅपटॉप लावला, सगळ्यांसमोर बटण दाबलं, यादी आली. पहिली पाच-सहा नावं वाचेपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग सेक्रेटरी काकांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाईल बघितला, मग टीव्ही बघितला, मग परत मोबाईल. शनिवारची यादी आणि रविवारची यादी, ५८ च्या ५८ नावं, त्याच क्रमाने. आणि तिसऱ्या नंबरवर, लिफ्टच्या एकदम समोरचं पार्किंग, मी.

"सेटिंग आहे" हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं ते आठवत नाही, नंतर सगळेच बोलत होते.

सेटिंग नव्हती, माझा गाढवपणा होता, पण तो कसा झाला हे सांगायचं तर कॉम्प्युटर रँडम नंबर काढतो कसा तिथपासून सुरुवात करावी लागते. पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये मला हेच समजवायला उभं केलं होतं, वीस मिनिटं मिळाली आणि त्यातली दहा पाण्याच्या टँकरवर गेली, म्हणून इथे नीट लिहितोय.

तर पहिली गोष्ट, कॉम्प्युटरला फासा टाकता येत नाही. कॅल्क्युलेटरवर १७ गुणिले २३ करा, ३९१ येणार, उद्या करा, ३९१, अमावस्येला करा तरी ३९१. कॉम्प्युटर म्हणजे हाच कॅल्क्युलेटर, फक्त भलताच फास्ट. तेच दिलं की तेच परत देणार, आणि आपल्याला तो तसाच हवा असतो, बँकेचा बॅलन्स रोज वेगळा दाखवला तर चालेल का. मग असल्या यंत्राला "मनाला येईल तो नंबर दे" असं सांगायचं कसं? तर सांगत नाहीत. त्याला एक गणित देतात, ज्याचं उत्तर बघणाऱ्याला वेडंवाकडं वाटेल असं.

कागद-पेन घ्या, खरंच घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. ० ते १५ मधला कुठलाही नंबर धरा, मी ७ धरतो. त्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा, भागाकार फेकून द्या आणि बाकी ठेवा. सात पंचे पस्तीस, अधिक तीन अडतीस, सोळा दुणे बत्तीस, बाकी ६. आता ह्या ६ ला तेच करा, सहा पंचे तीस, अधिक तीन तेहेतीस, बाकी १. मग १ वरून ८, मग ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि मग परत ७. आलो तिथेच. शून्य ते पंधरा सगळे नंबर एकेकदा येऊन गेले, क्रम मात्र असा की रेसिपी माहीत नसलेल्या माणसाला पुढचा नंबर चट्कन सांगता येणार नाही.

ह्याला लिनियर काँग्रुएन्शियल जनरेटर म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल. डी. एच. लेहमर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ च्या सुमारास ह्या पद्धतीची कल्पना मांडली आणि पुढे कित्येक वर्षं जगातल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर हेच किंवा ह्याचंच कोणीतरी भावंड चालत होतं, फक्त १६ च्या जागी अब्जांतला आकडा. तुम्ही ठाण्यात तलावपाळीला, म्हणजे तलावाच्या काठाने, संध्याकाळी गोल फेऱ्या मारणारे लोक बघितले असतील, तसंच आहे हे. कोणी गडकरी रंगायतनच्या बाजूने सुरू करतो, कोणी दुसऱ्या टोकाकडून, पण एकदा चालायला लागलं की पुढचं झाड, त्याच्या पुढचा बाक, सगळं ठरलेलं. तुम्ही फेरी कुठून सुरू केली तो बिंदू म्हणजे सीड. बी म्हणूया का, पण बी कोणी म्हणत नाही, सगळे सीडच म्हणतात.

आता त्या सोळा नंबरांकडे परत एकदा बघा. ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२... विषम, सम, विषम, सम, विषम, सम. शेवटपर्यंत असंच आहे, एकदाही चुकत नाही. म्हणजे ह्या जनरेटरवर नाणेफेक केली आणि विषमला छापा, समला काटा असं ठरवलं तर छापा काटा छापा काटा छापा काटा, पाच मिनिटांत शेंबडं पोर पण ओळखेल. रँडम दिसणं आणि रँडम असणं ह्यात हा एवढा फरक असतो, आणि तो तुम्ही नंबर कुठल्या बाजूने वापरता त्यावर उघडा पडतो. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मशीनवर रँडू नावाचा जनरेटर होता, प्रत्येक वेळी ६५,५३९ ने गुणायचं आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी ठेवायची, एवढंच. वापरायला सोपा म्हणून सगळीकडे पसरला. नंतर लोकांनी त्याचे तीन-तीन नंबर घेऊन ते लांबी, रुंदी, उंची समजून खोलीत ठिपके मांडले, आणि जे ठिपके हवेतल्या धुळीसारखे सगळीकडे पसरायला हवे होते ते बिल्डिंगच्या स्लॅबसारखे १५ पातळ थरांवर रांगेत बसलेले निघाले. तोपर्यंत त्याच्यावर कितीतरी शास्त्रीय गणितं करून झाली होती.

त्याच्या आधीची गंमत तर अजून भारी आहे. जॉन फॉन नॉयमन, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरच्या रचनेला ज्याचं नाव आहे तो माणूस, त्याने १९४० च्या दशकात एक युक्ती काढली होती, चार अंकी नंबर घ्या, वर्ग करा, आठ अंक येतील त्यातले मधले चार उचला, तो तुमचा पुढचा नंबर. १२३४ चा वर्ग १५२२७५६, पुढे एक शून्य लावून ०१५२२७५६, मधले चार ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. मग ३३६२, मग ३०३०. छान चाललंय ना? आता २५०० पासून सुरू करा. वर्ग ०६२५००००, मधले चार २५००. परत वर्ग, परत २५००. अडकला, कायमचा. ३७९२ चं पण तेच, करून बघा. ह्यात काय भानगडी आहेत हे नॉयमनला स्वतःला चांगलं माहीत होतं, आणि गणिताने रँडम अंक काढू बघणारा माणूस पापी आहे असं तोच गमतीत म्हणून गेला. १९५५ साली रँड कॉर्पोरेशन नावाच्या अमेरिकन संशोधन संस्थेने तर दहा लाख रँडम अंकांचं पुस्तकच छापलं होतं, पानंच्या पानं नुसते अंक. ज्याला लागेल त्याने पान उघडायचं आणि बोट ठेवायचं.

आज पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत तुम्ही साधा रँडम नंबर मागितला तर मर्सेन ट्विस्टर नावाचं इंजिन चालतं, माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा ह्या दोन जपानी लोकांनी १९९७ मध्ये बनवलेलं. ह्याची फेरी पूर्ण होऊन परत पहिल्या झाडापाशी यायला २ चा १९,९३७ वा घात वजा १ एवढी पावलं लागतात, नुसता तो आकडा लिहायला सहा हजारांवर अंक लागतील, म्हणजे परत यायची चिंता सोडाच. पण तलाव कितीही मोठा केला तरी फेरी तीच आहे. सीड ४२ देऊन सहा बाजूंचा फासा दहा वेळा टाका, तुमच्या लॅपटॉपवर, माझ्या लॅपटॉपवर, आजकालचं पायथन ३ असलेल्या कुठल्याही मशीनवर हेच येईल: ६, १, १, ६, ३, २, २, २, ६, १.

ह्यात अजून एक बघण्यासारखं आहे. दहा वेळा टाकून ४ आणि ५ आलेच नाहीत आणि २ लागोपाठ तीनदा. मीटिंगमध्ये हे टीव्हीवर दाखवलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की हे बिघडलेलं वाटतंय. बिघडलेलं नाहीये, रँडम असंच असतं, गुच्छागुच्छाने येतं. आपल्याला रँडम म्हटलं की नीट पसरलेलं अपेक्षित असतं, लग्नाच्या पंगतीत वाढप्याने प्रत्येकाला एकेक जिलबी वाढावी तसं. म्युझिक प्लेयरच्या शफलवर पण लोकांची हीच तक्रार असायची, एकाच गायकाची गाणी पाठोपाठ येतात, हे रँडम नाहीच म्हणून, शेवटी २००५ मध्ये ॲपलने स्मार्ट शफल काढलं, म्हणजे लोकांना जास्त रँडम वाटावं म्हणून ते मुद्दाम थोडं कमी रँडम केलं. असो.

आता तुम्ही म्हणाल की दर वेळी तेच येतं तर उपयोग काय. उलट तेच येतं म्हणून तर प्रोग्रामर जगतात. समजा गेममध्ये एखादा राक्षस अचानक भिंतीत अडकतो आणि हे हजारात एकदा होतं, तर तो बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, परत घडवून बघायचा कसा? सीड लिहून ठेवायचं, तेच परत द्यायचं, राक्षस त्याच भिंतीत त्याच सेकंदाला अडकतो, मग निवांत दुरुस्त करा. म्हणून टेस्टिंग करताना आम्ही सीड फिक्स ठेवतो, आणि बहुतेक वेळा ४२ ठेवतो, त्यामागे एक जुना विनोद आहे तो जाऊ दे. माझ्या दहा ओळींतली दुसरी ओळ हीच होती, सीड ४२. यादी तीच, सीड तेच, मग क्रम पण तोच. शनिवारी तोच, रविवारी तोच, पुढच्या दिवाळीला चालवला असता तरी तोच. ती एक ओळ खोडली असती तर पायथनने सीड स्वतःहून ऑपरेटिंग सिस्टीमकडून (विंडोज, लिनक्स असं जे कॉम्प्युटर चालवतं ते) घेतलं असतं आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मग चांगलं सीड कुठून आणायचं? सगळ्यात आळशी उत्तर म्हणजे घड्याळ. आत्ता किती वाजले ते सीड. पोरांच्या गेमला ठीक आहे, पण जिथे पैसे आहेत तिथे मरण आहे. १९९९ मध्ये ऑनलाईन पोकरच्या एका सॉफ्टवेअरचं असंच झालं. कंपनीने आमचा खेळ किती प्रामाणिक आहे हे दाखवायला पत्ते पिसायचा कोडच जाहीर केला होता. ५२ पत्ते पिसायचे प्रकार म्हणजे ६८ अंकी आकडा, आणि ह्यांचं सीड होतं मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले ते, म्हणजे दिवसाला फक्त ८ कोटी ६४ लाख. एका सिक्युरिटी टीमने आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून ते दोनेक लाखांवर आणलं, मग स्वतःच्या हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले तीन, एवढे पाच दिसले की बरोबर सीड सापडायचं, आणि सीड सापडलं की सगळ्यांच्या हातातले पत्ते आणि पुढे उघडणारे पत्ते पण स्क्रीनवर. तीन पत्ती खेळणाऱ्यांनी कल्पना करावी.

हे घड्याळाचं मला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर उभं असताना नीट डोक्यात बसलं, रोज ऐरोलीला जातो त्यामुळे तिथे विचार करायला वेळ भरपूर मिळतो. गाडी किती वाजता येणार हे कोणीही सांगेल, फार तर दोन-चार मिनिटं इकडे तिकडे. पण डब्याचं चाक पूर्ण थांबलं तो क्षण मिलिसेकंदाच्याही हजाराव्या भागापर्यंत मोजला तर त्यातले शेवटचे दोन-तीन अंक काय असतील हे मोटरमनला पण सांगता येणार नाही. वेळेतला तास-मिनिट हा भाग सगळ्यांना माहीत, फुकटचा, आणि ती शेवटची शेपटी कोणालाच माहीत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ह्याच शेपट्या गोळा करते. तुम्ही कीबोर्डचं बटण दाबलं तो क्षण, माउस हलला तो क्षण, नेटवर्कवरून डेटाचं पॅकेट आलं तो क्षण, प्रत्येकातून थोडं थोडं उचलते आणि एका भांड्यात घुसळत राहते. ह्या न सांगता येणाऱ्या मालाला एंट्रॉपी म्हणतात. लिनक्समध्ये ही सोय १९९४ पासून आहे. इंटेलने तर २०१२ च्या सुमारास प्रोसेसरमध्येच एक सर्किट टाकलं जे उष्णतेमुळे होणाऱ्या विजेच्या बारीक थरथरीतून नंबर काढतं. क्लाउडफ्लेअर नावाच्या इंटरनेट कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात भिंतभर लाव्हा लॅम्प ठेवलेत, शंभरेक, आत रंगीत मेण वरखाली होत असतं आणि समोर कॅमेरा त्यांचे फोटो काढत असतो, त्यातून नंबर. थोडी शोबाजी आहे, पण मेणाचा गोळा पुढच्या क्षणी कुठे असेल हे खरंच कोणाच्या बापाला सांगता येत नाही.

आणि हे भांडं रिकामं राहिलं तर काय होतं त्याची गोष्ट ऐका. २००६ साली डेबियन नावाचं लिनक्स बनवणाऱ्यांतल्या एका माणसाने ओपनएसएसएल नावाच्या, डिजिटल चाव्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एक-दोन ओळी काढून टाकल्या, कारण एक तपासणी टूल त्यांच्यावर सारखं कुरकुर करत होतं. आपण घरात नको असलेली वायर दिसली की कापतो तसं. त्या ओळी नेमक्या भांड्यात माल ओतणाऱ्या होत्या. मग सीडमध्ये उरलं काय, तर फक्त प्रोसेस नंबर, जो ३२,७६८ च्या वर जात नव्हता. म्हणजे जगभर डेबियन वापरणारे लोक सर्व्हरला ज्या चाव्या लावत होते त्या एका प्रकारच्या आणि एका साईजच्या कुलपासाठी एकूण ३२,७६८ च होत्या, सगळ्या एका दुपारी बनवून पेन ड्राईव्हवर घ्याव्यात इतक्या. कुलपं दिसायला भक्कम, कोणाला काही संशय नाही, आणि हे कळलं मे २००८ मध्ये, जवळपास दोन वर्षांनी. रँडममधली चूक ही अशी असते, ती दिसत नाही, प्रोग्राम नीट चालतो, नंबर पण छान वेडेवाकडे येतात.

म्हणूनच ओटीपी, पासवर्ड, चाव्या वगैरेसाठी साधा रँडम वापरायचाच नाही. मर्सेन ट्विस्टरचे लागोपाठचे ६२४ पूर्ण नंबर कोणी बघितले की त्याला आतलं सगळं मांडता येतं आणि ६२५ वा नंबर तो तुमच्या आधी सांगतो. ह्या कामासाठी पायथनमध्ये सीक्रेट्स म्हणून वेगळं मॉड्यूल आहे, ते थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या भांड्यातून घेतं. नवीन पोरं हे हमखास चुकतात, मी पण चुकलोय.

मीटिंगला इथपर्यंत आल्यावर काकांनी बरोबर नस पकडली. म्हणाले, अरे, म्हाडाच्या, सिडकोच्या घरांना आम्ही अर्ज भरतो, सोडत कॉम्प्युटरवरच निघते, गेली इतकी वर्षं आम्ही स्क्रीनकडे डोळे लावून बसतो. मग अशा ड्रॉमध्ये भांड्यात काय ओतलं हे बाहेरच्याने बघायचं कसं?

प्रश्न चांगला आहे कारण ओटीपीमध्ये आणि ड्रॉमध्ये एक मोठा फरक आहे. ओटीपीचं सीड कोणालाच कळता कामा नये. ड्रॉचं सीड आधी कोणाला कळता कामा नये, पण नंतर सगळ्यांना कळलं पाहिजे, नाहीतर बटण दाबणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो. अमेरिकेत एडी टिप्टन नावाचा माणूस अनेक राज्यांच्या लॉटरी चालवणाऱ्या संस्थेत सिक्युरिटीचा प्रमुख होता. जनरेटरचा कोड त्याच्याच हातचा, त्यात त्याने अशी मेख मारून ठेवली की वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना नंबर रँडम न येता त्याला आधीच काढता येतील असे यायचे. २९ डिसेंबर २०१० चा १ कोटी ६५ लाख डॉलरचा जॅकपॉट असाच लागला, तिकीट घेताना तो दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडला म्हणून पुढे सगळं उलगडलं, आणि २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. कुंपणानेच शेत खाल्लं. नंबर बघून कोणाला काही कळलं नव्हतं, नंबर नेहमीसारखेच दिसत होते.

काकू म्हणाल्या, एवढं सगळं असेल तर आपला डबाच बरा. पटण्यासारखं आहे, पण डबा पण नीट हलवावा लागतो. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं ह्याचा ड्रॉ झाला, वर्षातल्या प्रत्येक तारखेची एक कॅप्सूल काचेच्या बरणीत टाकलेली, पण कॅप्सूल महिन्याप्रमाणे भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या पोरांचे नंबर जास्त करून आधी लागले. पार्किंग नव्हतं ते.

डबा हलवण्याची ही भानगड कोडमध्ये पण आहे आणि इथे भलेभले घसरतात. समजा ४१ पार्किंगपैकी एक नंबर काढायचा आहे आणि मशीन तुम्हाला ० ते २५५ मधला नंबर देतं. सरळ मार्ग कुठला, ४१ ने भागा आणि बाकी घ्या. पण २५६ मध्ये ४१ सहा वेळा जातात, २४६ होतात, १० उरतात. त्या उरलेल्या दहांमुळे पहिल्या १० पार्किंगना प्रत्येकी ७ संधी मिळतात आणि बाकीच्या ३१ ना प्रत्येकी ६. आमच्याकडे पहिली दहा लिफ्टजवळची आहेत, म्हणजे बघा. उपाय एकदम गावठी आहे, २४६ किंवा वरचा नंबर आला की फेकून द्या आणि परत काढा. यादी पिसताना पण असंच होतं. तीन नावं असतील आणि तुम्ही प्रत्येक नाव तिन्हीपैकी कुठल्याही जागेशी बदलत गेलात तर एकूण २७ रस्ते होतात आणि क्रम होऊ शकतात ६. २७ लाडू ६ जणांना सारखे वाटून दाखवा. काही क्रम जास्त वेळा येणारच. त्या पोकरवाल्यांनी ही चूक पण केली होती. बरोबर पद्धत फिशर आणि येट्स ह्यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवली आहे आणि ती म्हणजे आपला डबाच, एक चिठ्ठी काढा, बाजूला ठेवा, उरलेल्यांतून दुसरी काढा, काढलेलीला परत हात लावायचा नाही. गणपतीत हाऊजी खेळताना नंबर काढतो तसंच. पायथनचा शफल आत हेच करतो, त्यामुळे तेवढं तरी माझं बरोबर होतं.

तर दुसरा ड्रॉ आम्ही असा केला. शुक्रवारी ५८ नावांची यादी क्रमासकट आणि माझ्या प्रोग्रामच्या ओळी छापून नोटीस बोर्डावर लावल्या, कुठलं पायथन व्हर्जन ते पण लिहिलं कारण व्हर्जन बदललं की कधीकधी शफलचा क्रम बदलतो. हे आधी लावणं महत्त्वाचं, नाहीतर मी घरी बसून नावं वरखाली करून मला हवा तो निकाल येईपर्यंत प्रयत्न करू शकलो असतो. सीडची जागा रिकामी ठेवली. रविवारी कोणाच्या तरी घरून ल्युडोचा फासा आणला, टेबलावर वाटीत घालून एकेकाने टाकायचा, वीस वेळा. पहिला फासा त्या चार वर्षांच्या पोरीने टाकला, तिचा मान जातोय म्हणून ती आठवडाभर रुसली होती. येईल तो अंक काका व्हाईटबोर्डवर लिहीत गेले, वीस अंकी नंबर तयार झाला. वीस फाशांचे प्रकार ३६ वर चौदा शून्यांपेक्षा जास्त होतात, तो नंबर आधी कोणाला माहीत असणं शक्यच नाही. मी तो सगळ्यांसमोर टाईप केला, काकूंनी अंक अंक ताडून बघितला, मग बटण दाबलं.

यादी आली. त्याच वेळी बी विंगमधल्या इंजिनिअरिंगला असलेल्या पोराने नोटीस बोर्डवरून उतरवलेला प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर चालवला, तोच वीस अंकी नंबर टाकून, आणि त्याच्याकडे पण तीच यादी, ५८ च्या ५८ नावं, त्याच क्रमाने. पहिल्या ड्रॉला ह्याच गोष्टीवरून मला शिव्या पडल्या होत्या आणि आज लोक टाळ्या वाजवत होते.

माझं नाव ४९ नंबरला आलं. गाडी सध्या गेटबाहेर कचराकुंडीच्या बाजूला उभी असते. जिना उतरताना काकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता पटलं बघ सगळ्यांना, सेटिंग नव्हती."